स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय: ऑपरेशन आणि उपचारांचे निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचे

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकींच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो असा: स्तन काढावा लागेल का? प्रश्न साहजिक आहे, पण क्रमाने पहिला नाही. त्याच्या आधी गाठीचा स्वभाव कळायला हवा, आणि तो कळला की पुष्कळदा ऑपरेशनचा प्रश्नच बदलून जातो. कधी औषधं आधी आणि ऑपरेशन नंतर असं ठरतं. कधी जनुकीय चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं असतं. आणि कधी डॉक्टर म्हणतात, "दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." तिथे खरी पंचाईत होते, कारण ठरवायचं कशाच्या आधारावर हे कुणी सांगितलेलं नसतं.

हा लेख सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरबद्दल आहे. म्हणजे गाठ स्तनात आहे, फार तर काखेतल्या काही ग्रंथींपर्यंत गेली आहे, पण शरीरात इतरत्र पसरलेली नाही. शंभरातला एखादा रुग्ण पुरुष असतो. त्यालाही निर्णयांचा क्रम बराचसा हाच लागू पडतो.

हाताशी वेळ किती आहे?

हाताला लागेल एवढी गाठ व्हायला बहुधा कित्येक महिने, अनेकदा वर्षं गेलेली असतात. त्यामुळे तपासण्या, दुसरं मत आणि विचार यांत दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. "परवाच ऑपरेशन करून टाकू" असं कुणी म्हणालं तर त्या घाईचं वैद्यकीय कारण विचारा. कारण नसेल तर तारीख पुढे ढकलण्यात काहीच गैर नाही. उलट टोकही टाळायचं. निदानानंतर दोन-तीन महिने उपचार सुरूच झाले नाहीत तर परिणाम वाईट होत जातात, हे मोठ्या पाहण्यांमधून दिसलेलं आहे. अंगारे, काढे, "आधी सहा महिने हे करून बघू" यांत जाणारा वेळ तो हाच.

एक अपवाद मात्र तातडीचा. स्तन अचानक लाल, गरम, सुजलेला आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल तर तो दाहक प्रकारचा कॅन्सर असू शकतो. तिथे आठवडे घालवू नका.

सुईची बायोप्सी न करताच "गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू" असा सल्ला मिळाला असेल तर थांबा. आधी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करून घ्या. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ही भीती घरोघर ऐकू येते, तिला आधार नाही. निदान नसताना गाठ काढली तर मात्र मार्जिन (गाठीभोवतीचा कॅन्सर नसलेला काठ) अपुरी राहू शकते, दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं, आणि आधी औषधं देण्याची संधी हातची जाते.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

पूर्ण रिपोर्टची प्रत मागून घ्या. "कॅन्सर आहे" एवढं तोंडी ऐकून निर्णय होत नाही. चार गोष्टी शोधा.

पहिली, कॅन्सर दुधाच्या नलिकेच्या आतच आहे की बाहेर पडला आहे. आतच असेल तर त्याला डीसीआयएस म्हणतात. त्याला केमो लागत नाही. बाहेर पडला असेल तर 'इन्व्हेसिव्ह' हा शब्द दिसेल. घाबरवणारा शब्द आहे खरा, पण त्याचा अर्थ शरीरभर पसरलेला असा नाही.

दुसरी, ग्रेड. १ ते ३ असा आकडा असतो. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात याचं ते माप. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे! या घोटाळ्याने अनेक घरांत रात्री जागून काढल्या जातात. स्टेज ठरते गाठीचा आकार, काखेतल्या ग्रंथी आणि इतरत्र पसरणं यांवरून. आता त्यात पेशींचा स्वभावही धरतात.

तिसरी गोष्ट, ईआर आणि पीआर. कॅन्सरच्या पेशी स्त्री-संप्रेरकांवर पोसतात का, हे त्यावरून समजतं. पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडतात. एरवी 'पॉझिटिव्ह' ऐकलं की पोटात गोळा येतो, पण इथे ती बहुधा बरी बातमी असते.

चौथी, हर-टू, म्हणजे पेशींच्या वाढीला जोर देणारं एक प्रथिन. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे नक्की नाही. २+ आलं तर फिश नावाची पुढची चाचणी करावी लागते आणि तिचा निकाल येईपर्यंत उपचारांचा आराखडा पक्का होऊच शकत नाही. ईआर, पीआर आणि हर-टू हे तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात.

दुसरं मत घ्यायचं असेल तर ते केवळ सर्जनचं घेऊ नका. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडूनही तपासून घेता येतात. सगळी इमारत या रिपोर्टवर उभी राहणार असल्याने माझ्या मते दुसऱ्या मताचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो.

स्कॅनबद्दल थोडं. गाठ लहान आहे, काखेत काही नाही, तुम्हाला हाडदुखी, खोकला असा काही त्रासही नाही, तर अंगभर पेट-स्कॅनची सहसा गरज नसते. त्यात निरुपद्रवी ठिपके दिसतात आणि त्यांच्यामागे धावण्यात आठवडे जातात. स्तनाचा एमआरआय काही जणींना उपयोगी पडतो: लोब्युलर प्रकार (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणारा) असेल, किंवा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांतला गाठीचा आकार जुळत नसेल तर. पण एमआरआयमध्ये आणखी एक डाग दिसला म्हणून स्तन काढायला लगेच हो म्हणू नका. त्या डागाची आधी बायोप्सी व्हायला हवी.

ऑपरेशन आधी की औषधं आधी?

कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, आणि गाठ २ सेंटीमीटरहून मोठी असेल किंवा काखेत पोचलेला असेल, तर आज बहुतेक तज्ज्ञ औषधं आधी देतात. गाठ लहान होते आणि स्तन वाचवता येतो, हा एक फायदा. दुसरा त्याहून मोठा. औषधाचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर उरलाच नसेल तर पुढची वाट बरीच आश्वासक असते. उरला असेल तर नंतरचं औषध बदलता येतं. आधीच ऑपरेशन करून टाकलं तर ही माहिती कायमची हुकते. म्हणून या दोन प्रकारांत मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरवर औषधं देणाऱ्या तज्ज्ञाला) भेटण्याआधी ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

केमो आधी ठरली तर सुरू होण्यापूर्वी गाठीत एक बारीक धातूची खूण, म्हणजे क्लिप, बसवून घ्या. काखेतल्या ग्रंथीत कॅन्सर सापडला असेल तर तिथेही. गाठ औषधाने पूर्ण विरघळली आणि क्लिप नसेल, तर नेमका कुठला भाग काढायचा हे सर्जनला कळणार कसं? ही गोष्ट विसरली जाते, म्हणून तुम्हीच आठवण करा. हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध साधारण वर्षभर चालतं आणि त्यासाठी आधी व मधून मधून हृदयाची इको तपासणी करावी लागते.

ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि कमी ग्रेडची गाठ केमोने सहसा फारशी विरघळत नाही. तिथे बहुधा ऑपरेशनच आधी.

जनुकीय चाचणी आणि मूल हवं असण्याचा प्रश्न

हे दोन विषय पुष्कळदा उशिरा निघतात, म्हणून मुद्दाम ऑपरेशनच्या आधी ठेवले आहेत.

वय कमी असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, घरात स्तनाचा, बीजकोशाचा, स्वादुपिंडाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल, रुग्ण पुरुष असेल, तर बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि पाल्ब-२ यांसारख्या जनुकांची तपासणी करावी. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४मध्ये ६५ वर्षांपर्यंतच्या सगळ्याच रुग्णांना ही चाचणी देऊ करावी असं सुचवलं. वडिलांकडचा इतिहासही तितकाच मोजतात; आत्या आणि आजी विसरू नका. बिघाड सापडला तर दुसऱ्या स्तनाचा आणि बीजकोशांचा निर्णय बदलतो, काही औषधांची दारंही उघडतात. निकाल यायला काही आठवडे लागतात, तेव्हा रक्ताचा नमुना पहिल्या आठवड्यातच द्या.

पुढे मूल हवं असेल तर केमोच्या आधी बोला. अंडी किंवा भ्रूण गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे पुरतात. हार्मोनच्या गोळ्या दीड ते अडीच वर्षांनी थांबवून गरोदरपणासाठी अवकाश घेणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. डॉक्टरांनी विषय काढला नाही म्हणून तो शक्यच नसेल असं धरून बसू नका.

स्तन ठेवायचा की काढायचा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनने स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळंच काढण्याची रीत रूढ केली. जितकं जास्त कापू तितका रुग्ण जास्त जगेल, हा त्यामागचा विचार. तो जवळपास ऐंशी वर्षं टिकला. १९७०च्या दशकात इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी तो पारखून बघितला. स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून रेडिएशन दिलं. दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२मध्ये आले: जगण्याच्या प्रमाणात फरक नाही.

घरातली सगळी चर्चा या निकालावरून व्हायला हवी. "एकदाचा काढूनच टाका, डोक्याला ताप नको" हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण त्यामागे हॉल्स्टेडचंच गणित असतं. स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही. केमोही टळत नाही, कारण केमो लागेल की नाही हे गाठीच्या स्वभावावर ठरतं, ऑपरेशनच्या आकारावर नव्हे. स्तन काढूनही छातीच्या त्वचेवर किंवा वणावर कॅन्सर उलटू शकतो. गाठ मोठी असली किंवा ग्रंथींत कॅन्सर असला तर रेडिएशनही घ्यावं लागू शकतं.

स्तन ठेवण्याची किंमत म्हणजे रेडिएशन. फिशरच्या अभ्यासात रेडिएशन न दिलेला तिसरा गटही होता. त्यात फक्त गाठ काढून सोडून दिलेल्यांपैकी ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात वीस वर्षांत कॅन्सर उलटला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. आताच्या औषधांमुळे हे आकडे खूप खाली आले आहेत, पण रेडिएशनचं महत्त्व कायम आहे. पूर्वी ते पाच आठवडे चालायचं. आता तीन आठवडे सर्रास, आणि २०२०मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासानंतर निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा. ६५च्या पुढचं वय, लहान गाठ, ईआर पॉझिटिव्ह आणि हार्मोनच्या गोळ्या नेमाने घ्यायची तयारी असेल तर रेडिएशन वगळण्याचाही विचार होतो. त्यात स्तनात कॅन्सर उलटण्याचा धोका थोडा वाढतो, आयुष्य मात्र घटत नाही.

स्तन ठेवणं जमत नाही अशा परिस्थितीही असतात. स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत गाठी, मॅमोग्राफीत सगळीकडे संशयास्पद चुन्याचे ठिपके, त्याच बाजूच्या छातीला पूर्वी दिलेलं रेडिएशन, गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने, पुन्हा कापूनही मार्जिनमध्ये कॅन्सर सापडत राहणं. स्तनाच्या मानाने गाठ मोठी असेल तर आधी औषधं किंवा ऑन्कोप्लास्टिक पद्धतीचं ऑपरेशन हा मार्ग असतो. त्यात कॅन्सर काढतानाच उरलेल्या स्तनाला आकार देतात. "शक्य नाही" असं ऐकलं तर यातलं नेमकं कारण कोणतं ते विचारा. कारण न देता दिलेला नकार मी तरी अंतिम मानणार नाही.

आणि सगळं शक्य असूनही एखादीने स्तन काढायचं ठरवलं तर? तोही बरोबर निर्णय असू शकतो. रोज रेडिएशनला जाणं जमणार नाही, दर वर्षीच्या मॅमोग्राफीची धास्ती नको, किंवा नुसतं मनाला तेच पटतं. फक्त "जास्त जगेन" हे कारण त्यात नसावं. निरोगी दुसरा स्तनही काढून टाकण्याचं तसंच. जनुकीय बिघाड नसेल तर दुसऱ्या बाजूला नवा कॅन्सर होण्याची शक्यता वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते, आणि तो स्तन काढल्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. गुंतागुंतीची शक्यता मात्र दुप्पट होते, कारण जखमा दोन होतात.

स्तन ठेवताना मार्जिनचा प्रश्न असतो. काढलेल्या भागाला बाहेरून शाई लावतात. शाईला कॅन्सर टेकत नसेल तर इन्व्हेसिव्ह प्रकारात ती मार्जिन पुरेशी. डीसीआयएसमध्ये २ मिलिमीटर हवी. काही जणींना यासाठी दुसरं छोटं ऑपरेशन लागतं. ही शक्यता आधीच मनात धरली तर नंतर धक्का बसत नाही.

काखेचं काय

स्तनाच्या चर्चेत काख मागे पडते, पण ऑपरेशननंतरचा वर्षानुवर्षांचा त्रास बहुधा तिचाच. सगळ्या ग्रंथी काढल्या तर हाताला कायमची सूज येण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून काखेत आधी काही सापडलेलं नसेल तर सेंटिनल नोड बायोप्सी मागा. त्यात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून स्तनातला द्रव ज्या ग्रंथींत सर्वात आधी पोचतो त्या एक-दोन ग्रंथी शोधतात आणि तपासतात. (नंतर लघवी हिरवी-निळी दिसते. घाबरू नका.) त्यात कॅन्सर नसेल तर बाकीच्या सोडतात. एक-दोन ग्रंथींत असला तरी, स्तन ठेवून रेडिएशन घेणार असाल तर बहुतेकदा सगळी काख साफ करावी लागत नाही. डीसीआयएससाठी पूर्ण स्तन काढत असतील तर ही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी, नंतर ती करणं अवघड.

पुनर्रचना

स्तन काढायचा असेल तर नवा आकार त्याच ऑपरेशनात करता येतो, पुढे वर्षांनीही करता येतो, किंवा मुळीच न करता छाती सपाट ठेवता येते. इम्प्लांटचं ऑपरेशन लहान, पण इम्प्लांट जन्मभर टिकेल असं नाही आणि रेडिएशननंतर त्याभोवती कडकपणा येण्याची शक्यता वाढते. पोटाच्या किंवा पाठीच्या उतींनी केलेला स्तन जास्त नैसर्गिक राहतो. त्यासाठी ऑपरेशन लांबतं आणि शरीरावर दुसरी जखम होते. तंबाखू, सिगारेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांनी जखम भरायला त्रास होतो. स्पर्शाची जाणीव मात्र कोणत्याही प्रकारात बहुधा पूर्ण परतत नाही. स्तनाग्र राखलं तरीही. सपाट ठेवायचं असेल तर "नंतर मन बदललं तर" म्हणून जादा कातडी ठेवू नका, नीट सपाट शिवा, असं स्पष्ट सांगावं लागतं.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

सोबत एकच माणूस न्या, जो लिहून घेईल. संपूर्ण कुटुंब नको. मग रुग्ण सोडून सगळे बोलतात. शक्य तर सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि रेडिएशनचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून तुमची केस बघितली आहे का, ते विचारा. बाकी प्रश्न असे:

- माझ्या बाबतीत औषधं आधी द्यायची की नाही, आणि का?
- स्तन ठेवला किंवा काढला तर माझ्यासाठी कॅन्सर उलटण्याचे आकडे काय आहेत?
- काखेत नेमकं काय करणार? किती ग्रंथी काढणार?
- हा उपचार घेतला नाही तर शंभरातल्या किती जणींना फरक पडेल?

शेवटचा प्रश्न सोडू नका. "धोका एक तृतीयांशाने कमी होतो" हे वाक्य शंभरात तीसवरून वीस झाले तरी खरं असतं आणि तीनवरून दोन झाले तरी खरं असतं. पहिल्यात केमोचा त्रास सोसावासा वाटेल, दुसऱ्यात कदाचित नाही.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट

ऑपरेशन झालं की निर्णय संपले असं वाटतं, पण उरलेल्या औषधांचा निर्णय या अंतिम रिपोर्टवरच होतो. तो यायला एक-दोन आठवडे लागतात. गाठ ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असेल, ग्रंथी स्वच्छ असतील, तर केमो खरंच लागेल का हे सांगण्यासाठी गाठीतल्या जनुकांवरून अंक देणाऱ्या चाचण्या आहेत. त्यांतल्या २१ जनुकांच्या चाचणीवर २०१८मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: ५०च्या पुढच्या स्त्रियांत अंक २५पर्यंत असेल तर केमोने फायदा दिसला नाही. चाचणी महाग असते. पण जिचा निर्णय खरोखर काठावर आहे तिला केमोपासून वाचवू शकते. केमो नक्की लागणारच असेल, किंवा तुम्ही ती काही झालं तरी घेणार नसाल, तर चाचणीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

हात-खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या क्रमाने लवकर सुरू करा. रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर धरून झोपावं लागतं, आखडलेल्या खांद्याने ते जमत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, काहींचा कायमचा. जखमेच्या जागी पाणी साचणं नेहमीचं आहे. ताप आला, लाली पसरली किंवा हात फुगला तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका.

हार्मोनच्या गोळ्या निदान पाच वर्षं चालतात. टॅमॉक्सिफेनने गरम वाफा येतात, पाळी गेल्यावर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता तपासतात. बऱ्याच जणी कंटाळून कुणाला न सांगता गोळ्या बंद करतात. त्रास असह्य झाला तर डॉक्टरांना सांगा. त्याच गटातली दुसरी गोळी अनेकींना मानवते.